संमतीपत्रातल्या शेवटच्या कलमाविषयी: कोकणातील वकील संघांना आणि मध्यस्थांना खुले पत्र

प्रति,
रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील वकील संघांचे सन्माननीय सदस्य,
तसेच न्यायालयांच्या मध्यस्थी केंद्रांत काम करणारे सर्व मध्यस्थ यांस,

विषय: संमतीच्या घटस्फोटात निवृत्तीच्या लाभांचा हिशेब लेखी मांडण्याबाबत.

स. न. वि. वि.

मी वकील नाही. एका सरकारी कार्यालयाच्या लेखा शाखेत माझी नोकरी झाली आणि तिच्यातली शेवटची एकोणीस वर्षे मी पेन्शनच्या टेबलावर काढली. सेवापुस्तक पडताळणे, सेवेची वर्षे मोजणे, ना-देय दाखले गोळा करणे, पेन्शनचा प्रस्ताव तयार करून वर पाठवणे आणि त्रुटी निघाली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करणे, हे माझे काम. कायद्याची कलमे मी तुम्हांला सांगावीत इतका माझा अधिकार नाही. परंतु घटस्फोटाच्या वेळी तुम्ही जो कागद लिहिता, तो कैक वर्षांनी ज्या टेबलावर येऊन पडतो त्या टेबलामागे मी बसत होते, आणि तिथून जे दिसले ते तुमच्या खुर्चीवरून दिसत नसावे, असे वाटल्यावरून हे पत्र लिहीत आहे.

एक प्रसंग आधी सांगते. ओळख पटू नये म्हणून आकडे आणि साल थोडे फिरवले आहेत. जुलैचा महिना होता, पाऊस लागून राहिला होता आणि देवगडच्या बाजूची एक बाई एसटीने दोन गाड्या बदलून कार्यालयात आली. दुधाच्या धुतलेल्या पिशवीत गुंडाळलेले कागद तिने माझ्यासमोर ठेवले. तिचा नवरा आमच्याच खात्यात कनिष्ठ सहाय्यक होता. १९८१ साली नोकरीला लागला, १९८६ साली लग्न झाले, २०११ मध्ये दोघांनी संमतीने घटस्फोट घेतला, २०१३ मध्ये तो निवृत्त झाला आणि मे महिन्यात वारला. आता कुटुंबनिवृत्तिवेतन आपल्याला मिळेल अशी तिची समजूत होती. गावात कोणीतरी तसे सांगितले होते.

मी कपाटातून त्याची फाइल काढली. पेन्शनच्या प्रस्तावाला नवरा-बायकोचा एकत्र काढलेला फोटो लागतो, हे तुमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. साठीला टेकलेली जोडपी बाजारातल्या स्टुडिओत जाऊन अवघडून शेजारी शेजारी बसतात आणि तो फोटो आम्ही प्रस्तावावर चिकटवतो. या फाइलमध्ये त्याचा एकट्याचा फोटो होता आणि पाठीमागे हुकूमनाम्याची नक्कल जोडलेली होती. कुटुंबनिवृत्तिवेतन विधवेला मिळते, घटस्फोटितेला मिळत नाही, हे मी तिला सांगितले. नियमाचे पुस्तक उघडूनही दाखवले, जसे काही पुस्तक दाखवल्याने ते सोपे होणार होते. ती बराच वेळ त्या एकट्याच्या फोटोकडे बघत राहिली आणि म्हणाली, "मगे पंचवीस वर्सां मियां केलंय तां काय?"

तिच्या पिशवीत संमतीपत्राची प्रत होती. जेवणाच्या सुट्टीत मी ती वाचली. कागद नीटस होता, टंकलेखनाची एक चूक नव्हती. स्टीलचे कपाट एक, मिक्सर एक, तांब्याचा हंडा एक, दोन तोळ्यांचे मंगळसूत्र, लग्नात माहेरून मिळालेली भांडी यादीप्रमाणे, असे सगळे क्रमवार लिहिलेले होते. एकरकमी पोटगी तीन लाख रुपये, धनादेश क्रमांकासह. आणि शेवटचे कलम असे होते: अर्जदार क्रमांक दोन यांनी यापुढे अर्जदार क्रमांक एक यांच्या कोणत्याही चल-अचल मिळकतीवर, तसेच त्यांच्या नोकरीपश्चात मिळणाऱ्या कोणत्याही लाभांवर हक्क सांगू नये. हंड्याची मोजदाद झाली होती. ज्या लाभांवरचा हक्क ती सोडत होती ते किती आहेत, हे मात्र कागदात कुठेही नव्हते.

मला ते ठाऊक होते, कारण प्रस्ताव मीच केला होता. ग्रॅच्युइटी, फंड, शिल्लक रजेचे पैसे आणि पेन्शन विकून, म्हणजे तिचा काही भाग आधीच एकरकमी घेऊन, आलेली रक्कम मिळून त्याच्या हाती सोळा लाख रुपये आले होते, आणि महागाई भत्त्यासह दरमहा चौदा हजार चारशे रुपये पेन्शन सुरू झाली होती. त्याच्या बत्तीस वर्षांच्या सेवेतली पंचवीस वर्षे लग्नातली होती. सोळा लाखांपैकी पंचवीस वर्षांच्या वाट्याला साडेबारा लाख येतात आणि त्याचे निम्मे सव्वासहा लाख होतात. पेन्शनला हाच हिशेब लावला तर दरमहा पाच हजार सहाशे पंचवीस रुपये होतात. कायद्याने एवढे तिला देणे भागच होते असे मी म्हणत नाही, कारण तसा कायदा आपल्याकडे नाही. परंतु सही करताना हे दोन आकडे तिच्यासमोर असते तर तीन लाखांचा धनादेश तिने कोणत्या नजरेने पाहिला असता, याचा विचार तुम्ही करावा.

कायद्याची स्थिती तुम्हांला माहीत आहेच, तरी हे पत्र इतरही वाचतील म्हणून थोडक्यात मांडते. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात कलम २५ खाली कायमची पोटगी मिळते, ती एकरकमी किंवा ठरावीक मुदतीने देता येते आणि तिच्या वसुलीसाठी समोरच्याच्या स्थावर मिळकतीवर बोजा ठेवता येतो. कलम २७ खाली फक्त लग्नाच्या सुमारास मिळालेल्या, दोघांच्या सामाईक मालकीच्या वस्तूंचा निवाडा होतो, म्हणजे पुन्हा हंडा आणि कपाट. लग्नाच्या काळात जमलेली संपत्ती दोघांची, ती मोडताना वाटली पाहिजे, असे तत्त्व या कायद्यात नाही. पतीच्या स्थावर मिळकतीत पत्नीला वाटा देऊ पाहणारे विवाह कायदे सुधारणा विधेयक २०१३ मध्ये राज्यसभेत मंजूर झाले आणि पंधरावी लोकसभा विसर्जित होताच बारगळले. त्यालाही आता दहा वर्षांहून अधिक काळ लोटला. विशेष विवाह कायदा, मुसलमान आणि ख्रिस्ती समाजांचे कायदे यांत पोटगीच्या तरतुदी वेगवेगळ्या आहेत, पण निवृत्तीच्या पैशाच्या वाटणीबाबत त्यांतही काही हाती लागत नाही.

बांद्याहून पत्रादेवीचा नाका ओलांडला की मात्र चित्र पालटते. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतला कौटुंबिक कायदा अजून चालतो आणि लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची संपत्ती सामाईक आणि दोघांचा निम्मा निम्मा वाटा, हे तिथे गृहीतच आहे. सावंतवाडी आणि पेडणे यांच्यामध्ये सोयरिकीचे निरोप जातात-येतात, एकच बोली, एकच जेवण. आणि कोणत्या बाजूचा कायदा लागू होतो यावर बाईच्या पदरात काय पडणार ते ठरते. दूरच्या देशांचे तर सोडाच. जर्मनीने १९७७ पासून, इंग्लंडने २००० सालापासून आणि जपानने २००७ पासून घटस्फोटात पेन्शन विभागण्याची रीत घालून दिली आहे. अमेरिकेत १९८४ च्या कायद्याने न्यायालयाचा विशिष्ट स्वरूपाचा आदेश थेट कंपनीच्या पेन्शन योजनेकडे जातो आणि योजनाच माजी जोडीदाराचा वाटा वेगळा काढून देते. आपल्याकडे असा आदेश घेऊन कोणी फंडाच्या कार्यालयात गेले तर खिडकीवरचा माणूस तो उलटसुलट करून परत देईल.

आता कोकणाचे. निवृत्तीचा पैसा हा नवऱ्याने एकट्याने कमावलेला पैसा आहे, हे वाक्य मी कितीतरी पुरुषांच्या तोंडून आणि थोड्याफार वकिलांच्याही तोंडून ऐकले आहे. इतरत्र त्यावर वाद घालता येईल. कोकणात तर ते वाक्य तोंडातून निघू नये. इथला संसार पिढ्यान्‌पिढ्या दोन ठिकाणी चालला. चाकरमानी मुंबईला, गिरणीत, गोदीत, बेस्टमध्ये, कारखान्यात, बायको गावाला. तो दहा बाय बाराच्या खोलीत आणखी सात-आठ जणांबरोबर दिवस काढायचा, त्याचे कष्ट मी कमी लेखत नाही. पण तो तिथे तीस वर्षे सलग नोकरी करू शकला, कारण इकडे कोणीतरी मिरगाआधी भाजावळ करत होते, तरवा काढून लावणी उरकत होते, रतांबे फोडून आमसुले वाळवत होते, काजूच्या बिया वेचत होते, सासऱ्याला तालुक्याच्या दवाखान्यात नेत होते आणि सासूच्या शेवटच्या दोन वर्षांत तिचे अंथरूण बदलत होते. रजा न घेता भरलेली सेवा ही ग्रॅच्युइटीच्या सूत्रात जाते. शेवटचा पगार गुणिले पंधरा, भागिले सव्वीस, गुणिले सेवेची वर्षे. त्या शेवटच्या आकड्यात गावाकडच्या बाईची वर्षे मोजलेली असतात, फक्त तिचे नाव सूत्रात नसते.

बेचाळीस हजारांवर एकोणतीस वर्षे नोकरी करून निवृत्त झालेल्या कारखान्यातल्या माणसाला या सूत्राने सात लाखांच्या वर ग्रॅच्युइटी मिळते. त्याने गणपती आणि शिमगा सोडून रजा घेतली नसेल, तर त्याचे श्रेय एकट्याच्या शिस्तीला देता येणार नाही.

मद्रास उच्च न्यायालयाने जून २०२३ मध्ये एका प्रकरणात नेमके हेच पाहिले. नवरा कैक वर्षे सौदी अरेबियात नोकरीला आणि बायको इकडे घर सांभाळत होती. त्याने धाडलेल्या पैशातून झालेल्या मिळकतीत तिचा घरातला श्रम हेही योगदान आहे, असे मानून न्यायालयाने तिला समान वाटा दिला. तो निवाडा स्थावर मिळकतीचा होता, फंडाचा नव्हता, आणि आपल्या न्यायालयांवर तो बंधनकारक नाही हेही मला कळते. तरीही सौदीच्या जागी मुंबई घातली तर ती गोष्ट राजापूर-लांज्याच्या कोणत्याही वाडीतली आहे, आणि रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या आखाताला गेलेल्या घरांच्या बाबतीत तर जागा बदलण्याचीही गरज नाही.

आता अडचणीच्या मुद्द्याकडे येते, कारण चांगल्या मनाने लिहिलेली संमतीपत्रेही इथेच फसलेली मी पाहिली आहेत. एका कागदात असे लिहिले होते की नवऱ्याच्या भविष्यनिर्वाह निधीतील अर्धी रक्कम पत्नीस मिळेल. छान वाक्य आहे, पण ती कोण देणार? १८७१ च्या पेन्शन कायद्याने पेन्शनला, १९५२ च्या कायद्याने फंडाला आणि १९७२ च्या कायद्याने ग्रॅच्युइटीला जप्तीपासून संरक्षण दिले. यांतल्या शेवटच्या दोन कायद्यांची जागा आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली असली तरी म्हातारपणाचा पैसा सावकाराच्या हाती पडू नये, हा विचार तोच राहिला आहे. विचार योग्यच आहे. मात्र त्या कुलपामागे बायकोही सावकाराच्या रांगेत उभी राहते. पगार चालू असतो तोवर दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ६० पोटगीच्या हुकूमनाम्यापुढे पगाराचा फक्त एक तृतीयांश भाग वाचवते. म्हणजे नवरा नोकरीत असताना बाईचा हात जिथपर्यंत पोहोचतो, तिथपर्यंत तो निवृत्त झाल्यावर सहजी पोहोचत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०१९ मध्ये पोटगीसाठी पेन्शन जप्त करता येते, पत्नी ही त्या अर्थाने धनको नव्हे, असे म्हटले, ते स्वागतार्हच आहे. पण प्रत्येक बाईने तेवढ्यासाठी दरखास्त, म्हणजे हुकुमाच्या वसुलीचा अर्ज, लावून वर्षानुवर्षे भांडावे, ही काही व्यवस्था झाली नाही.

म्हणून फंडाच्या कार्यालयाला उद्देशून लिहिलेले वाक्य उपयोगाचे नाही. नवऱ्यावर व्यक्तिशः बंधन घालणारे वाक्य लागते. रक्कम किंवा सूत्र आकड्यात लिहिलेले, कोणत्या दिवसापासून किती दिवसांत द्यायची ते लिहिलेले, उशीर झाला तर व्याज किती ते लिहिलेले, आणि पाठीमागे तारण. तारणाच्या बाबतीत कोकणात एक खास पंचाईत आहे. सातबाऱ्यावर अठरा नावे, त्यांतली सहा मयत, चार मुंबईत आणि दोघांचा पत्ताच नाही, अशा सामाईक जमिनीतल्या नवऱ्याच्या हिश्श्यावर इतर हक्कांत बोजा चढवूनही हाती काय येणार, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगले जाणता. तिथे घराच्या उताऱ्यावर, मुंबईच्या खोलीवर किंवा विमा पॉलिसी तिच्या नावे अभिहस्तांतरित करून तारण शोधावे लागते. नवरा निवृत्तीच्या आधी वारला तर पोटगीही थांबते आणि विधवेचे लाभही तिला मिळत नाहीत, तेव्हा विम्याचा विचार ही चैन नव्हे. शक्य असेल तिथे तर सगळ्यांत सोपा मार्ग म्हणजे आजच वळते करणे: निवृत्तीच्या पैशातला तिचा अंदाजी वाटा काढून तेवढ्या किमतीचे दुसरे काही, मुदत ठेव, खोलीतला हिस्सा, कलमी बाग, आताच तिच्या नावे करून देणे आणि मग खुशाल ते शेवटचे कलम लिहिणे.

अंदाज काढणे अवघड आहे, ही सबब मला मान्य नाही. खासगी नोकरी असेल तर फंडाचे पासबुक खाते क्रमांक टाकून मोबाइलवर निघते. लग्नाच्या वेळची शिल्लक आणि आजची शिल्लक यांतला फरक पाचवी शिकलेल्यालाही काढता येईल. सरकारी आणि जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांना भविष्यनिर्वाह निधीची वार्षिक चिठ्ठी मिळते. १ नोव्हेंबर २००५ नंतर राज्याच्या सेवेत आलेल्यांची गोष्ट निराळी आहे. त्यांचा पैसा राष्ट्रीय पेन्शन योजनेत जमतो, त्याचे विवरणपत्र निघते आणि त्या योजनेच्या मूळ चौकटीत निवृत्तीच्या वेळी जास्तीत जास्त साठ टक्के एकरकमी हाती येऊन उरलेल्याची वार्षिकी, म्हणजे ठरावीक मुदतीने मिळणारी पेन्शन, घ्यावी लागते, म्हणजे दोन आकडे धरावे लागतात. जुन्या पेन्शनवाल्याचा अंदाज थोडा किचकट आहे, कारण पेन्शन शेवटच्या पगारावर ठरते आणि तो आज माहीत नसतो. तिथे रक्कम न लिहिता सूत्र लिहावे: लग्नातली सेवेची वर्षे भागिले एकूण सेवेची वर्षे, आणि त्याचा दोघांना मान्य असेल तो हिस्सा. निम्माच असला पाहिजे असा माझा आग्रह नाही. बाई स्वतः कमावती असेल, मुले कोणाकडे राहणार, घर कोणाला मिळाले, यावर तो कमी-जास्त होईल. बायको शिक्षिका आणि नवरा शेती करणारा असेल तर हाच हिशेब उलट्या दिशेने मांडावा लागेल, आणि कायद्याचे कलम २५ नवऱ्यालाही मागण्याची मुभा देतेच. माझा आग्रह एवढाच आहे की आकडा कागदावर यावा आणि तो पाहून सही व्हावी.

सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये पोटगीच्या प्रकरणांत दोन्ही पक्षांनी उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचे शपथपत्र दाखल करावे असे घालून दिले. भांडणाच्या दाव्यात ते मागितले जाते. संमतीच्या अर्जात मात्र दोघे राजी आहेत तर कशाला, म्हणून त्याची गरज कोणाला वाटत नाही, आणि नेमके तिथेच बाई काही न बघता सही करते. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ ब मध्ये संमतीच्या घटस्फोटासाठी थांबावा लागणारा सहा महिन्यांचा काळ खरे तर यासाठी उपयोगी पडावा. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तो माफ करता येईल असे म्हटल्यापासून माफीचा अर्ज पहिल्याच दिवशी तयार असतो. तो अर्ज करू नका असे मी म्हणत नाही, मोडलेल्या संसारात कोणाला फुकट सहा महिने अडकवून ठेवण्यात मलाही स्वारस्य नाही. पण त्या अर्जाला पासबुकाची आणि फंडाच्या चिठ्ठीची प्रत जोडण्याची रीत तुमच्या संघांनी पाडावी. ठराव करून पाडता येईल, त्याला विधानसभा लागत नाही.

तुम्ही म्हणाल, आमच्याकडे येणाऱ्या बायका थकलेल्या असतात, त्यांना सुटका हवी असते, आणि फंडाचा विषय काढला की समोरचा उठून जातो आणि जमलेले बोलणे मोडते. हे खरे आहे. माझ्या सख्ख्या मावसबहिणीच्या वेळी मीच तिला म्हटले होते, "बाई, मिळतेय ते घे आणि मोकळी हो." पेन्शनच्या टेबलावर बसून लोकांच्या पैशांचे हिशेब करणाऱ्या मला तेव्हा तिच्या नवऱ्याचे पासबुक मागण्याचे सुचले नाही. ती आज आमच्याच तालुक्यात काजूच्या युनिटमध्ये बिया फोडायला जाते, बोटांना चिकाचे डाग असतात, वय एकसष्ट. हक्क सोडल्यावरही कलम २५ खाली नंतर अर्ज करता येतो, असे मला एका वकिलांनी पुढे सांगितले, आणि कलमात तसे शब्द आहेतही. पण सही करून बंद केलेले दार पुन्हा उघडायला फी लागते, खेपा लागतात आणि साठीत ते बळ कुठून आणायचे? तेव्हा बोलणे मोडेल ही भीती मला कळते. मात्र ज्या बोलण्यातला सगळ्यांत मोठा आकडा लपवला तरच ते टिकते, ते बोलणे मध्यस्थाने टिकवावे का, हा प्रश्न मी तुम्हांलाच विचारते.

नामनिर्देशनाविषयीही एक गैरसमज मी वारंवार पाहिला. सेवापुस्तकात नाव तसेच राहिले आहे, म्हणजे पैसा मलाच मिळेल, असे समजून कितीतरी जणी निर्धास्त राहतात. नामनिर्देशन नवरा हयातीत कधीही बदलू शकतो, आणि वाटणीशी त्याचा संबंध नाही. न्यायिक विभक्ततेची गोष्ट वेगळी आहे. तिच्यात लग्न कायद्याने टिकून राहते आणि कुटुंबनिवृत्तिवेतनाचे दार पूर्ण बंद होत नाही. वय झालेल्या, पुन्हा लग्न करण्याचा विचार नसलेल्या पक्षकारांना हा फरक निदान समजावून सांगावा, इतकीच विनंती.

राज्य शासनाकडे जाण्याचा मार्गही तुमच्याच संघांतून जातो, म्हणून तेही लिहिते. विवाह आणि घटस्फोट हा समवर्ती सूचीतला विषय आहे. केंद्राने २००५ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मसिद्ध वाटा दिला, तो महाराष्ट्राने स्वतःची दुरुस्ती करून १९९४ मध्येच दिला होता. केंद्राचा कायदा आहे म्हणून आपण हात बांधून बसलो नव्हतो. शिवाय राज्याच्या कर्मचाऱ्यांचे १९८२ चे निवृत्तिवेतन नियम तर राज्याचेच आहेत. नियमाला पाझर फुटत नाही असेही नाही: पती-पत्नीत घटस्फोटाचा दावा किंवा कौटुंबिक हिंसाचाराची तक्रार चालू असेल तर महिला कर्मचारी कुटुंबनिवृत्तिवेतनासाठी नवऱ्याआधी मुलांचे नाव देऊ शकते, अशी सोय केंद्राने जानेवारी २०२४ मध्ये केली. केंद्राच्याच नियमांत घटस्फोटित मुलीला वडिलांच्या पश्चात कुटुंबनिवृत्तिवेतन मिळू शकते. म्हणजे बाई बापाच्या नोकरीवर हक्क सांगू शकते, पण ज्याच्या घरी पंचवीस वर्षे राबली त्याच्या नोकरीवर नाही. न्यायालयाच्या हुकूमनाम्यात स्पष्ट हिस्सा लिहिलेला असेल तर पेन्शन देणाऱ्या कार्यालयाने तो परस्पर माजी पत्नीच्या किंवा पतीच्या खात्यात जमा करावा, एवढी एकच तरतूद राज्याच्या नियमांत आली तरी माझ्या जागी आज जी मुलगी बसते तिला पुस्तक उघडून नकार दाखवावा लागणार नाही. कोषागाराच्या संगणकावर दोन खात्यांत रक्कम वळती करणे हे काही जगावेगळे काम नाही. अशा मागणीचा मसुदा तुमच्याइतका नेमका दुसरे कोणी लिहू शकणार नाही.

तोवर काय, याचे उत्तर म्हणून मी एक पानी तक्ता करून ठेवला आहे. डावीकडे नोकरीला लागल्याची तारीख, लग्नाची तारीख, वेगळे राहू लागल्याची तारीख आणि निवृत्तीची तारीख. उजवीकडे फंड, ग्रॅच्युइटी, रजेचे पैसे, विकता येणारी पेन्शन आणि दरमहाची पेन्शन यांचे रकाने. दोन्ही बाजूंचे वकील समोरासमोर बसले तर अर्ध्या तासात भरून होतो, आणि मी स्वतः सहा वेगवेगळ्या सेवापुस्तकांवर तो भरून पाहिला आहे. सातव्यांदा अडले ते शिक्षणसेवक म्हणून केलेल्या सुरुवातीच्या वर्षांपाशी, ती लग्नाच्या आधीची होती आणि मोजायची की नाही यावर माझे मलाच उत्तर मिळेना. तुमच्यापैकी कोणाला ते ठाऊक असेल तर सांगावे. तक्ता हवा असेल त्यांनी आपापल्या तालुक्याच्या वकील संघाच्या कार्यालयात विचारावे, मी प्रती पोचत्या करीन. हिशेबात कुठे गाडी अडली तर सेवापुस्तकाची नक्कल घेऊन घरीच यावे. गणपतीचे दिवस सोडले तर मी कुठे जात नाही.

आपली विश्वासू,
निवृत्त वरिष्ठ सहाय्यक (लेखा),
तालुका राजापूर, जिल्हा रत्नागिरी